सातवा कान

८ फेब्रुवारी १९७३, कोल्हार

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी सरकारने माझी दखल घेतली. टेलिफोनच्या बोर्डामागच्या खोलीत एक यंत्र येऊन बसलं आहे. दोन चकत्या, त्यांवरून फिरणारी तपकिरी फीत, वरून गोणपाट. नगरहून साध्या कपड्यांतला एक माणूस ते एस.टी.च्या टपावरून घेऊन आला. कोणी विचारलं तर बॅटरीचा चार्जर म्हणून सांगायचं, आणि खरं काय ते कोणालाही कळू द्यायचं नाही, असं त्याने बोर्ड चालवणाऱ्या मच्छिंद्रला बजावलं. मच्छिंद्रने मला चहाच्या वेळी सांगितलं. दिवेलागणीपर्यंत ते चावडीवर पोचलं होतं.

"अरे, गुपित ठेवायला सांगितलं होतं ना तुला? सरकारचा पगार खातोस."

"पगार बोर्डाचा हाय, बुवा. गुपिताचा येगळा कुठं देत्यात?"

कारण उघड आहे. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर बायांनी इंजिनिअरची जीप अडवली, ती बातमी नगरच्या दैनिकाला मी फोनवरून दिली. माझ्या घरी फोन नाही. रंगनाथच्या खत-बियाण्यांच्या दुकानात आहे, तिथून देतो. यंत्र त्याच तारेला जोडलं आहे.

खरं म्हणजे कोल्हारचा फोन मुळातच षट्कर्णी. बोलणाऱ्याचे दोन कान, ऐकणाऱ्याचे दोन आणि मधे मच्छिंद्रचे दोन. तो ऐकतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. नुसतं ऐकतो असं नाही, मधे बोलतोही. "डॉक्टर दवाखान्यात न्हाईत, पाटलांकडं बसल्यात, तिकडं लावतो." पण त्याचा एक नेम आहे: बोर्डावरचं बोर्डावर. आजवर त्याच्या तोंडून कोणाच्या घरातली गोष्ट बाहेर आली नाही. आता हा सातवा कान आला. बिचारा एकटाच. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची सोय त्याला नाही.

११ फेब्रुवारी

आजची बातमी देताना आवाज जरा मोकळा लावला. शासनाला नीट ऐकू यावं. सुरुवातीला यंत्रदेवतेला वंदन केलं, श्लोकार्ध जागेवरच सुचला:

एककर्ण नमस्तुभ्यं सर्वं शृणु वदस्व मा।

हे एका कानाच्या देवा, तुला नमस्कार. सगळं ऐक, पण बोलू नकोस. पाठशाळेतले आमचे गुरुजी असते तर अक्षरं मोजून खूश झाले असते. नगरच्या कार्यालयात बातमी उतरवून घेणाऱ्याने मात्र "बुवा, बातमी सांगा, ट्रंक कॉलचे पैसे पडतात" असं सांगितलं.

घरी सौ.ला म्हटलं, सरकार माझं बोलणं टिपून ठेवतंय.

"चोवीस वर्षं मी ऐकतेय," ती म्हणाली. "मला कुणी यंत्र दिलं नाही."

१४ फेब्रुवारी

रंगनाथ जरा धास्तावला आहे. माणूस साधा, पाच एकर बागायत, हे दुकान आणि एकच मुलगी. चांगुणाचं लग्न मिरजगावच्या रंभाजींच्या मुलाशी, कानिफनाथशी, वैशाखात ठरलं आहे. पोरगी गेल्या साली आठ महिने 'मामाकडे' होती. हा मामा म्हणजे नगरच्या दवाखान्यातली खाट, हे कोल्हारात सगळ्यांना माहीत आहे. छातीचा क्षय. आता डॉक्टर बरी झाली म्हणतात. अजून काही महिने गोळ्या घ्यायच्या आणि महिन्यातून एकदा फोन करून वजन-खोकला कळवायचा. मिरजगावला यातलं काही ठाऊक नाही आणि कोल्हारातून ते कोणी कळवलेलंही नाही. चुगल्यांची हौस असलेल्या या गावाने एवढं एक तोंड कसं बंद ठेवलं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मी दुकानात असतानाच चांगुणा फोनपाशी घुटमळत होती.

"काका, डाक्तरांना फोन करायचा हाय. आता ह्ये यंत्र बसलंय म्हनं. करू का नगं?"

"खुशाल कर. ते माझ्या मागावर आहे. तुझ्या वजनाशी त्याला काय कर्तव्य?"

रंगनाथ पोती लावता लावता म्हणाला, "मच्छिंद्र म्हनत हुता, फोन उचलला की चाक आपसूक फिरतंय. कोन बोलतंय त्ये बघत न्हाई."

"फिरू दे. पलीकडे ऐकणारा शिकलेला माणूस असतो, रंगनाथ. राजहंस दूध-पाण्यातून दूध तेवढं घेतो, तसा तो राजकारण तेवढं वेचून घेईल."

चांगुणाने फोनवर हात ठेवला. मग म्हणाली, "लपवायचं न्हाई मला, काका. फागुनात साखरपुडा हाय, तवा दोन शब्द बोलू देतील. मी सांगनारच हाय त्यास्नी. फकस्त माझ्या तोंडानं सांगायचंय."

चांगली गोष्ट आहे, म्हटलं. तिने फोन लावला. माझं नाव घेऊन मच्छिंद्रला म्हणाली, "काका व्हय म्हनले." डॉक्टरांनी गोळ्यांचं काही सांगितलं, ते तिला नीट ऐकू आलं नाही, मच्छिंद्रने मधे पडून दोनदा सांगितलं आणि वर "रातच्याला दूध पित जा" असा स्वतःचा उपदेश जोडला. सगळं यथास्थित झालं.

२ मार्च

या आठवड्यात लेखणीचं सामर्थ्य पाहिलं.

पाझर तलावाच्या कामावर चार दिवस धान्य नव्हतं. लोकांनी ठरवलं होतं की गुरुवारी गोदामावर जायचं, कुलूप उघडलं नाही तर फोडायचं. राहीबाई म्हणून एक खमकी बाई त्यांच्यात पुढे आहे, तिने मला स्वतः सांगितलं, "बुवा, पेपरात घाला. आमी चोरून न्हाई जानार, सांगून जानार." मी मंगळवारी फोनवर सविस्तर बातमी दिली. दैनिकाने ती छापली नाही. भडकाऊ वाटली म्हणे. पण बुधवारी दुपारी कामावर मिलोच्या तीन ट्रका येऊन उभ्या! लाल ज्वारी, अमेरिकेची, भाकरी चिकट होते म्हणून बाया नाकं मुरडतात. पण ट्रका आल्या आणि गोदामावर कोणी गेलं नाही. लाठी नाही, दगड नाही.

म्हणजे न छापलेल्या बातमीचा हा परिणाम. छापली असती तर काय झालं असतं!

सौ.ला सांगितलं. "मग यापुढे नाहीच छापली तर बरं," ती म्हणाली.

१९ मार्च

रंभाजी दुपारच्या गाडीने एकटेच आले. मी दुकानात होतो. उंच, पांढरा फेटा, बोलण्यात घाई नाही. रंगनाथने पाट मांडला, त्याच्या बायकोने, केशरबाईंनी, आतून पाणी पाठवलं. ते त्यांनी तसंच ठेवलं.

"पोरगी बरी हाय?" त्यांनी विचारलं.

"व्हय की. आत हाय, बोलावू का?"

"नगं. वजन आता बेचाळीस किलो झालं म्हनं. बरं हाय. मागल्या म्हैन्यात एक्केचाळीस हुतं न्हवं?"

रंगनाथच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. रंभाजी शांतपणेच पुढे बोलले. त्यांचे मेहुणे नगरच्या एका कचेरीत कारकून आहेत. तिथे फितीवरचं ऐकून कागदावर उतरवायचं काम असतं. त्यांना नाव ओळखीचं वाटलं.

"आजाराचं मी मागनं बगीन," रंभाजी म्हणाले. "दुखनं कुनालाबी येतं. आमच्यात बी येऊन गेलं हाय. पन व्याही, माज्या घरात येनारी पोर मला कचेरीतनं कळावी? धा मानसांनी तिचा खोकला ऐकला आनि अकरावा मी?"

आतल्या दारामागे चांगुणा उभी होती हे मला दिसत होतं, रंभाजींनाही दिसत असावं, कारण जाताना ते त्या दाराकडे बघूनच म्हणाले, "साखरपुडा सध्या ऱ्हाऊ द्या. निरोप धाडतो."

ते गेल्यावर चांगुणा बाहेर आली. रडलेली नव्हती. "आता मी काय सांगू त्यास्नी, काका? समदं सांगून झालंय माजं," एवढंच म्हणाली आणि पोत्यांवर पडलेलं युरियाचं पांढरं झाडू लागली.

रात्री जेवताना सौ.ने मला काही सुनावलं नाही. फक्त ताक वाढताना "खुशाल कर, म्हणालात ना?" असं विचारलं. मी हो म्हटलं.

२१ मार्च

नगरला जाऊन आलो. फिती उतरवतात त्या कचेरीतले साहेब भेटले. तिशीचे, सभ्य, चहा मागवला. मी कल्पिलेला राक्षस नव्हता, त्यामुळे अर्धं भाषण तिथेच वाया गेलं.

मी म्हटलं, शासनाला माझं ऐकायचं असेल तर माझा आक्षेप नाही, उलट वाचकांपेक्षा तुम्ही मन लावून ऐकता. पण एका पोरीच्या फुप्फुसाचा शासनाशी काय संबंध?

"काहीच नाही," ते म्हणाले. "पण तार एकच आहे, बुवा. यंत्राला तुमचा आवाज आणि तिचा आवाज यांतला फरक कळत नाही."

"मग जे यंत्राला कळत नाही ते त्याच्या हाती कशाला द्यावं?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "या महिन्याच्या सुरुवातीला लोक गोदामावर जाणार होते. पोलीस तयार ठेवा, असा वरून निरोप होता. आम्ही तुमची फीत ऐकली. कळलं की लोकांकडे चार दिवस दाणा नाही. पोलिसांऐवजी ट्रका पाठवल्या. ते ऐकलं नसतं तर त्या दिवशी तिथे काय झालं असतं, तुम्हीच सांगा."

त्या ट्रकांचं श्रेय मी तीन आठवडे माझ्या लेखणीला देत होतो. चहा गार झाला.

मग मी म्हटलं, बरं, ऐका. पण कान कोणाचा असावा, याला काही धरबंद हवा. कोल्हारातही चोरून ऐकणं चालतं, पण त्याला एक रीत आहे.

"तेच विचारायचं होतं तुम्हाला," साहेब म्हणाले. "या फितींमध्ये एक तिसरा इसम आहे. कोणाच्याही बोलण्यात मधेच बोलतो. कधी औषध सांगतो, कधी कोण कुठे बसलाय ते सांगतो, एकदा तुमच्या संस्कृत सांकेतिक वाक्यानंतर 'वा बुवा' म्हणाला. आम्ही दीड महिना शोधतोय. याचं संघटनेत स्थान काय?"

मला हसू आवरेना. म्हटलं, कसली संघटना? तो आमचा मच्छिंद्र, बोर्डावरचा. तो सगळ्यांचं सगळं ऐकतो, वर्षानुवर्षं ऐकतो, आणि बाहेर एक शब्द जात नाही. तुमच्या फितीने जे दीड महिन्यात फोडलं ते त्याने वर्षभर पोटात ठेवलं होतं. हा खरा राजहंस!

साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. चांगुणाचं जे उतरवलं असेल ते नष्ट करू, त्या कारकुनाला समज देऊ, घरगुती बोलणी यापुढे उतरवणार नाहीत, असं त्यांनी कबूल केलं. यंत्र मात्र एप्रिलअखेरपर्यंत राहील.

एकंदरीत भाषण बरं झालं. विशेषतः शेवटचा भाग मनाजोगता उतरला. मच्छिंद्रवरचा संशयही दूर झाला. परतीच्या गाडीत राहुरीपर्यंत त्याच समाधानात होतो.

२७ मार्च

मच्छिंद्रची बदली झाली. बीडकडे, पाटोद्याला. 'ग्राहकांची खाजगी संभाषणे ऐकल्याबद्दल व त्यांत भाग घेतल्याबद्दल.' एक तारखेला हजर व्हायचं आहे.

मी बोर्डावर गेलो तेव्हा तो तारा जोडायच्या खुंट्या पुसत होता.

"बुवा, माजं नाव तुमी सांगितलं व्हय?"

"तुझ्यावरचा संशय दूर करायला सांगितलं रे. तुला ते कटातला समजत होते."

"लई उपकार झाले. कटातला ऱ्हायलो असतो तर निदान हितं तरी ऱ्हायलो असतो."

त्यानेच मला तंबाखू दिली. मागच्या खोलीत गोणपाटाखाली चकत्या गुपचूप होत्या. त्यांच्यावर कसलीच कारवाई नाही. त्यांनी ऐकलं ते नियमात बसतं.

मिरजगावचा निरोप अजून नाही.

३१ मार्च

आज मच्छिंद्रचा बोर्डावरचा शेवटचा दिवस. मी दुपारपासून तिथेच बसलो होतो; माणूस चुकला की फार वेळ बसतो.

चारच्या सुमाराला चांगुणा आली. दुकानातून फोन उचलायचा सोडून, रस्ता ओलांडून, स्वतः बोर्डाच्या दारात.

"मच्छिंद्रभाऊ, मला मिरजगाव लावून द्या. तितल्या सोसायटीत. त्ये चार वाजता तितं असत्यात."

"कोन, कानिफनाथ?"

तिने मान हलवली. "मी दुकानातनं बोलनार. बाबांना मळ्यात धाडलंय. पन एक हाय, भाऊ. ऐकायचं न्हाई."

मच्छिंद्रने माझ्याकडे पाहिलं. कोल्हारात हे वाक्य त्याला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. त्याला जरा लागलं असावं.

"मी कवा कुनाला सांगितलंय का, पोरी?"

"न्हाई सांगितलं. म्हनून तर तुमच्याकडं आले. यंत्रानं ऐकायचं न्हाई, तुमी बी न्हाई. आनि काका," ती माझ्याकडे वळली, "तुमी हितंच बसा. दुकानाच्या वाटंला येऊ नगा."

ती गेली. मच्छिंद्र उठून मागच्या खोलीत गेला, गोणपाट बाजूला केलं आणि यंत्राच्या दोन तारा ओढून काढल्या.

"अरे, सरकारी यंत्र आहे ते."

"बॅटरीचा चार्जर हाय," तो म्हणाला. "मला तसंच सांगितलंय."

परत येऊन त्याने नगर मागितलं. नगरने मिरजगाव मागितलं. रस्त्यात जेवढे बोर्ड तेवढी माणसं, आणि प्रत्येकाच्या कानावर मच्छिंद्रसारखाच ऐकायचा पट्टा. मच्छिंद्र त्यांना म्हणाला, "गड्यांनो, जोडून द्या आनि कानावरचं काढून ठेवा. लगीनघरचं हाय." पलीकडून कोणीतरी काहीतरी विचारलं असावं. "म्हंजी सोयरीक ऱ्हातीय का जातीय त्ये ठरनार हाय. काढा." मग थांबून: "मी बी काढतोय."

त्याने खुंटी खोचली, दुकानाची घंटी वाजवली आणि डोक्यावरचा तो काळा पट्टा काढून खिळ्याला अडकवला. त्याच्या केसांत पट्ट्याची एक कायमची वाट पडलेली आहे, हे मला आज पहिल्यांदा दिसलं.

आम्ही दोघे बसून राहिलो. बोर्डावर दोन पितळी पत्त्या आहेत. बोलणं संपून फोन ठेवला की त्या पडतात. आमचं लक्ष त्यांच्यावर. एरवी त्याला त्या बघाव्याच लागत नाहीत.

"किती येळ बोलत्यात," तो म्हणाला.

"चांगलं का वाईट?"

"ऐकल्याबिगर कसं सांगू?" त्याने हात एकदा खिळ्याकडे नेला आणि परत मांडीवर ठेवला. "बुवा, पाटोद्याची मानसं मधी बोलू देत असतील का वो?"

"देतील की."

"न्हाई दिलं तर नुसतंच ऐकायचं. त्ये लई अवघड." मग जरा वेळाने: "अन् नुसतं जोडून द्यायचं, ऐकायचंच न्हाई, त्ये त्याहून अवघड."

पत्ती पडली. दुसरीही पडली. मच्छिंद्रने खुंटी काढली, अगदी हलक्या हाताने, जणू कोणी झोपलेलं आहे.

चांगुणा दारात आली तेव्हा आम्ही दोघेही उगीचच उभे राहिलो होतो. तिच्या तोंडावरून काही उमगेना. एवढी वर्षं माणसांची तोंडं वाचून बातम्या लिहिल्या, पण या पोरीचं तोंड मला वाचता आलं नाही.

"झालं, भाऊ," ती मच्छिंद्रला म्हणाली. "पाटोद्याला जायच्या आदी जेवायला या. रातच्याला दूध बी पित्ये, काळजी करू नगा."

"अगं पण तो काय म्हणाला?" मला राहवलं नाही.

"काका, साखरपुडा पुढल्या ऐतवारी हाय. काकूंना घेऊन या."

"ते ठीक. पण तू काय सांगितलंस? आणि रंभाजी..."

"मी सांगितलं, त्यांनी ऐकलं," ती म्हणाली. "आदी समदं ठाऊक असून बी त्यांनी परत पयल्यापासनं ऐकलं. बाकीचं आमचं हाय."

ती रस्ता ओलांडून गेली.

रात्री सौ.ने विचारलं, काय बोलली पोरगी? माहीत नाही, म्हटलं. तुम्हाला माहीत नाही? मला माहीत नाही. मच्छिंद्रला? त्यालाही नाही. तिने हातातला दिवा जरा वर करून माझ्याकडे पाहिलं, खरं बोलतोय याची खात्री करून घेतली, आणि मग, बऱ्याच दिवसांनी, न विचारता भाकरीवर लोणी वाढलं.